पंडिता रमाबाई : आयुष्याचे दिवस व त्यांचा विनियोग

विद्यार्थिमित्रहो, दिवस मोजण्याची विद्या तुम्हांस कोणी शिकवावी लागत नाही. परीक्षेस किती दिवस उरले, दिवाळीची अथवा नाताळाची सुट्टी केव्हा लागणार, हे वर्गातील लहानांत लहान मुलगाही अचूक सांगतो. परंतु पवित्र शास्त्रातील नव्वदाव्या स्तोत्रात भक्ताने दिवस गणण्याची जी बुद्धी देवाजवळ मागितली आहे ती निराळी. सुट्टीस किती अवकाश आहे हे ती विचारीत नाही. मला मिळालेले दिवस थोडे आहेत, ते मी कोणाच्या कामी लावीत आहे, असे ती विचारते. देऊळघाटाजवळून वाहणारी आपली पैनगंगा पावसाळ्यात दुथडी भरून जाते, आणि उन्हाळा आला की तिच्या पात्रात वाळू व दगडगोटे दिसू लागतात. पाणी फार दिवस राहणार नाही हे शेतकऱ्यास ठाऊक असते. म्हणून ते आहे तोवरच तो आपल्या शेताकडे वळवून घेतो. आपल्या आयुष्याविषयी मात्र एवढे साधे शहाणपण आपणांपैकी थोड्यांनाच सुचते.

ज्यांस ते सुचले अशांमध्ये पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात अग्रभागी आहे. त्या सुमारे चौसष्ट वर्षे जगल्या. हे आयुष्य काही फार अल्प म्हणता येणार नाही. परंतु आयुष्य किती क्षणभंगुर आहे याची ओळख त्यांच्याइतकी लहानपणी व त्यांच्याइतक्या वेळा क्वचितच कोणास झाली असेल. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही या एकाच दृष्टीने तुमच्यापुढे मांडणार आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यमय स्थळी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक होता. तो न जुमानता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला. तरी ते आपल्या मतापासून ढळले नाहीत. पुढे रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. त्या माउलीस दिवसभर घरकामातून उसंत मिळत नसे. तेव्हा पहाटे, उजाडण्यापूर्वी, ती झोपाळू मुलीस जागी करी, जवळ घेई व श्लोक म्हणवून घेई. पुढे ज्या विद्येने कलकत्त्याचे विद्वान थक्क झाले, तिचा पाया एका कामात गढलेल्या आईने वाचविलेल्या या पहाटेच्या घटकांत घातला गेला. वेळ मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रमाबाई अगदी लहान असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, आणि त्यानंतर त्यांना स्थिर घर असे राहिलेच नाही. गावोगावच्या देवळांत पुराण सांगावे, मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. जवळचे द्रव्य दानधर्मात सरले. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. उपासमारीने खंगून आधी वडील गेले. मागोमाग थोड्याच महिन्यांत आई गेली व थोरली बहीणही गेली. आई वारली तेव्हा खांदा द्यावयास पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री यांनी तिरडी सुमारे तीन मैल वाहून नेली. रमाबाई उंचीने लहान असल्यामुळे त्यांचा खांदा पोचेना. म्हणून त्यांनी आपला भार डोक्यावर घेतला. आईची तिरडी डोक्यावर घेणारी ही मुलगी त्या वेळी तुमच्याच वयाची होती, हे विद्यार्थिनींनी विसरू नये.

त्यानंतर बहीणभाऊ अर्धपोटी व अनवाणी हिंदुस्थानभर हिंडले. उत्तरेकडे, झेलम नदीच्या काठी, थंडीपासून बचाव करण्यास जवळ पांघरूण नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत ते निजले आणि तोंड तेवढे उघडे ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. ज्यांनी जिवंतपणी अशी रात्र काढली त्यांस मनुष्यदेहाची नश्वरता पुस्तकातून शिकण्याचे कारण उरले नाही.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. वीस वर्षांच्या मुलीची कीर्ती देशभर पसरली. आता सुखाचे दिवस येणार असे वाटावे, तोच १८८० साली श्रीनिवासशास्त्री निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नामक बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर निराळ्या प्रांताचा, निराळ्या भाषेचा व निराळ्या जातीचा. त्यामुळे पुष्कळ लोक रुष्ट झाले. आसामातील सिलचर येथे त्यांनी संसार मांडला. एप्रिल १८८१ मध्ये त्यांना मनोरमा नावाची कन्या झाली. बालविधवांसाठी एक शाळा काढावी असे मनोरथ पतिपत्नी करीत असतानाच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीच्या विकाराने मेधावी वारले. संसार झाला तो अवघा एकोणीस महिन्यांचा! रमाबाईंचे वय या वेळी तेवीस वर्षांचे, आणि पदरी वर्षाचीही न झालेली मुलगी.

वाचकहो, येथे आपण क्षणभर थांबू. एवढ्या मृत्यूंनंतर मनुष्यास दोन वाटा मोकळ्या असतात. जे येते ते जाते, मग कशाला काही आरंभावे, असे म्हणून हात जोडून बसणे ही एक वाट. पुष्कळ लोक हिलाच वैराग्य समजतात. जे येते ते जाते, म्हणून आज हाती आहे तोवर ते कोणाच्या तरी उपयोगी पडू द्यावे, ही दुसरी वाट. दोन्ही वाटा एकाच सत्यापासून फुटतात. पण एक ओसाड रानात शिरते व दुसरी वस्तीत जाते. रमाबाईंनी दुसरी धरली. पतीबरोबर जी शाळा काढावयाची होती, ती पतीच्या निधनाने रद्द झाली असे त्यांनी मानले नाही.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-वैद्य यांची निकड सांगितली. आपणही वैद्यक शिकावे या हेतूने त्यांनी इंग्लंडला जाण्याचे ठरविले, आणि त्या प्रवासाचा खर्च स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून, त्याच्या विक्रीतून उभा केला. १८८३ साली त्या मनोरमेसह वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रमात गेल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकाचा मार्ग बंद झाला. परंतु तेथील भगिनी लंडनमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांना ममतेने जवळ करून पुन्हा उभ्या करतात हे त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रीस प्रेमाने हात देणारा धर्म कोणाचा, या प्रश्नाचा शोध घेत घेत त्या ख्रिस्ताच्या पायांशी आल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाने महाराष्ट्रातील त्यांच्या अनेक स्नेह्यांची मने दुखावली, हे सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या बाजूस, इंग्लंडातील त्यांच्या गुरुजनांनाही त्या सर्वस्वी आज्ञाधारक शिष्या लाभल्या नाहीत. जे मनास पटले नाही ते केवळ वडिलांनी सांगितले म्हणून त्या मान्य करीत नसत; पत्रोपत्री वाद घालीत. पंथापंथांतील भांडणांत त्यांना गोडी नव्हती. ख्रिस्तसेवा म्हणजे कोणाची तरी सेवा, एवढे त्यांना स्पष्ट कळले होते.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, त्या एका समारंभासाठी. त्यांच्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, आणि रमाबाई त्या प्रसंगी उपस्थित होत्या. आनंदीबाईंचे लहान बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावले होते, आणि त्या दुःखातूनच वैद्यक शिकण्याची त्यांची ईर्ष्या जागी झाली होती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने त्यांना गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या एकाही रोग्यास औषध देण्याचे त्यांच्या नशिबी आले नाही.

मग हे आयुष्य वाया गेले काय? कार्य सिद्धीस गेले तरच जीवन सार्थ, असा हिशेब मांडला तर उत्तर होय असे द्यावे लागेल, आणि ते उत्तर ऐकून आपले अंतःकरणच त्याविरुद्ध साक्ष देईल. आनंदीबाईंच्या मागून कित्येक हिंदी मुली वैद्यकाकडे वळल्या. ज्या दारातून त्यांना स्वतःला आत जाता आले नाही ते दार त्यांनी उघडून ठेविले होते. आपल्या प्रभूचे या पृथ्वीवरील सेवाकार्यही थोड्या वर्षांचेच होते, हे ख्रिस्ती वाचकांस सांगावयास नको. कामाची अखेर पाहावयास मिळणे ही देवाची देणगी आहे, ती आपला हक्क नव्हे. आपल्याकडे काम आरंभणे व निष्ठेने चालविणे एवढेच सोपविलेले आहे.

त्याच १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी लोकांस कळकळ लावली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदनाची स्थापना झाली. पतिपत्नींनी जी शाळा मनात योजिली होती, ती पतीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी प्रत्यक्ष उभी राहिली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू नावाची एक तरुण विधवा होती. पुढल्या वर्षी सदन पुण्यास गेले.

सदनात धर्माच्या बाबतीत सक्ती नसावी असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून १८९३ साली मोठा वाद माजला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी सल्लागारपण सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडे प्रामाणिक माणसे होती, आणि कोणाचे किती चुकले याचा निवाडा या छोट्या लेखात आम्ही करू इच्छीत नाही. येथे सांगावयाचे ते एवढेच की, ज्या मुली राहिल्या त्यांचे वर्ग दुसऱ्या दिवशीही भरले. त्याच वर्षी गोदूबाईंचा प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रमसंस्था व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. मतभेदामुळे वेगळ्या झालेल्या ओढ्यांचे पाणी असे पुढे अनेक शेतांत खेळले.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. ही वार्ता ऐकताच रमाबाईंपुढे स्वतःचे बालपण उभे राहिले असेल यात नवल नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व स्त्रिया, सुमारे तीनशे, घेऊन आल्या. पुणे शहरात प्लेगामुळे निर्बंध होते. म्हणून केडगाव येथे विकत घेऊन ठेविलेल्या शेतजमिनीवर, प्रथम झोपड्या व तंबू ठोकून, त्यांची सोय करण्यात आली. हेच मुक्तिसदन. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आपल्या वऱ्हाडातही हाहाकार उडविला. गुजराथेतही तीच दशा झाली, आणि तिकडून आणखी शेकडो मुली केडगावास आल्या. लवकरच आश्रमातील माणसांची संख्या हजाराच्या पुष्कळ वर गेली. ज्या दुष्काळाने आपले आईबाप हिरावून नेले, त्याच्याच तोंडातून रमाबाई आता दुसऱ्यांची लेकरे काढून आणीत होत्या. दुःखाचा याहून उत्तम विनियोग आम्हांस ठाऊक नाही.

आश्रमात कोणी आयते खाणारे नसे. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी नाना कामे मुली शिकत. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण होते. ते मनोरमाबाईंनी परदेशात शिकून येऊन सुरू केले होते. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे वेगळे घर होते. टाकलेल्या प्रत्येक आयुष्यातही काही दिवस शिल्लक आहेत व ते कामी लागू शकतात, या विश्वासावर ही सारी वस्ती उभी होती.

वयाची पन्नाशी जवळ आली असता रमाबाईंनी एक नवे, वर्षानुवर्षे चालणारे काम अंगावर घेतले. ते म्हणजे पवित्र शास्त्राचे सुबोध मराठीत भाषांतर. त्यासाठी त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील अल्पशिक्षित बायांस कळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ज्यांना सरस्वती ही पदवी मिळाली होती, आईच्या मांडीवर ज्या संस्कृत शिकल्या होत्या, त्यांनी दळणकांडण करणाऱ्या स्त्रीस समजावे म्हणून आपले पांडित्य बाजूस ठेवून साधे शब्द शोधण्यात आयुष्याची शेवटची वर्षे घालविली. या ग्रंथाचे खिळे जुळविणे, छापणे इत्यादी काम आश्रमातल्या मुलींनी व स्त्रियांनीच केले. दुष्काळात मरणाच्या दारी सापडलेले हात देववचनाची अक्षरे जुळवू लागले होते! १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. परंतु त्यांचे लक्ष मुद्रितांच्या तपासणीकडे होते.

एक शेवटचा घाव अजून व्हावयाचा होता. आईच्या कार्याचा भार मनोरमाबाईंनी पुढे चालवावा अशी सर्वांची अपेक्षा होती. गुलबर्ग्यास त्यांनी मुलींची शाळा स्वतंत्रपणे चालविली होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या मिरजेच्या रुग्णालयात निवर्तल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या रक्ताचे जवळचे कोणी उरले नाही. त्यांची स्वतःची प्रकृतीही खालावली होती. तरी आश्रमाची व्यवस्था दुसऱ्यांच्या हाती सोपवून त्या भाषांतराच्या कामास बसल्या. ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावास त्यांनी देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. बांधलेली प्रत त्यांना हाती घेता आली नाही. मुक्तिमिशनचे कार्य केडगावास पुढेही चालू राहिले, आणि १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले.

मुलामुलींनो, हे चरित्र वाचून आपणही असेच मोठे आश्रम काढावेत असे तुमच्यापैकी प्रत्येकास वाटेल असे नाही, व तशी आवश्यकताही नाही. देव प्रत्येकास निराळे काम देतो. परंतु मोठे झाल्यावर करू, परीक्षा झाल्यावर करू, हे पालुपद मात्र सोडून द्या. वर्गात एखादा मुलगा गणितात मागे पडला आहे, शेजारी एखादी म्हातारी निरक्षर असून तिला मुलाचे पत्र वाचून घ्यावयाचे आहे, धाकटी बहीण अक्षरे गिरवू पाहत आहे. एवढे काम आजच्या दिवसास पुरेसे आहे. ज्यास आजचा दिवस कोणाला देता येत नाही, त्यास पुढील पन्नास वर्षेही देता येणार नाहीत.

पालकांसही नम्रतेने एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलीचे शिक्षण पुढल्या वर्षी पाहू, आता घरात काम आहे, असे म्हणताना लक्ष्मीबाई डोंगरे यांची पहाट आठवावी. त्यांनी ज्या मुलीस जागे केले, ती पुढे काय होणार हे पाहण्यास त्या जगल्या नाहीत. त्यांना आपला मृत्यू इतका जवळ आहे हे ठाऊक नव्हते, दुष्काळ येणार हेही ठाऊक नव्हते. त्यांनी मुलीस उद्या न शिकविता त्याच दिवशी शिकविले, म्हणून पुढे सहस्रावधि अनाथ मुलींना आई मिळाली.

आपल्या दिवसांची संख्या देवाने आपणांपासून गुप्त ठेविली आहे, आणि त्यात त्याची दयाच आहे. नाहीतर आपण शेवटच्या दिवसापर्यंत काम पुढे ढकलीत राहिलो असतो. ज्याने दिवस दिला त्याला सायंकाळी तो परत करताना आपला हात रिकामा नसावा, एवढीच आमच्या शाळेतील प्रत्येक मुलासाठी व मुलीसाठी आमची प्रार्थना आहे.